हामटा पासला वाऱ्याचा येलो अलर्ट, तीन ठिकाणी तीन आकडे, नक्की धरायचं काय?

शेंगाचटणी
नमस्कार मंडळी. आम्ही ऑफिसातले काही जण आणि माझा मेहुणा असे हिमाचलातल्या हामटा पासला, म्हणजे खिंडीला, ट्रेकला चाललोय. परवा कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, तिथनं बसनं मनाली, मग जोब्रा, चिका, बालू का घेरा, पास ओलांडून शिया गोरू, छत्रू आणि रस्ता उघडला असेल तर चंद्रताल, सगळे करतात तोच कार्यक्रम. पास ४२७० मीटरवर आहे आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात बर्फ फक्त उसाच्या रसात बघितलाय.

आज सकाळी हवामान खात्याचं पान उघडलं तर कुल्लू आणि लाहौल-स्पिती दोन्हीला येलो, विजांसह वादळ आणि ४० ते ५० किमी वेगाचे वारे. म्हटलं बघू विंडी, ते वाऱ्याचा अंदाज दाखवणारं ॲप, काय म्हणतंय, तर तिथं १५. मग माउंटन फोरकास्ट ह्या डोंगरांच्या हवामानाच्या साइटवर गेलो तर त्याच दिवशी दुपारी ५५! ट्रेकवाल्याला फोन लावला तर तो म्हणतो सर वहाँ तो रोज ही हवा चलती है, आप बस गरम कपडे लाना. आता तुम्हीच सांगा, १५ खरं का ५५ खरं? पास ओलांडायचा दिवस आजपासून मोजला तर सातवा येतो.

चादरवाला
४४ डिग्रीत पंखा पाचवर ठेवून झोपणारे आपण सोलापूरकर, वाऱ्याला काय घाबरतो बे. हवामान खात्यानं पाऊस सांगितला की आमची आई त्या दिवशी मुद्दाम गच्चीवर सांडगे घालती. जाऊन ये की.

नकाशावाली
शेंगाचटणी, आधी दोन गोष्टी सांगा. विंडीवर १५ म्हणजे १५ काय, आणि पिन कुठं लावली होती?

शेंगाचटणी
मॅडम, आकड्यापुढं केटी लिहिलंय. पिन छत्रूवर होती, पासचं नाव सर्चमध्ये सापडेना म्हणून जवळचं गाव घेतलं.

नकाशावाली
मग निम्मं कोडं इथंच सुटलं. केटी म्हणजे नॉट, एक नॉट १.८५ किमी, म्हणजे तुमचे १५ हे ताशी २८ किमी झाले. सेटिंगमध्ये जाऊन किमी करून ठेवा, नाहीतर ऐन वेळी डोकं चालत नाही. दुसरं म्हणजे छत्रू नदीकाठी, ३३०० मीटरच्या आसपास, दोन्ही बाजूंनी डोंगर. पास त्याच्यापेक्षा जवळजवळ हजार मीटर वर, उघड्यावर. तळातल्या आकड्यावरून खिंडीतल्या वाऱ्याचा अंदाज लागत नाही.

आणि विंडीवर नुसतं पान उघडलं की जो वारा दिसतो तो जमिनीपासून दहा मीटरवरचा. पण जमीन कुठली? मॉडेलची, म्हणजे अंदाज काढणाऱ्या संगणकातल्या गणिताची. युरोपियन मॉडेल साधारण ९ किमीच्या चौकटीत हिशोब करतं, अमेरिकेचं जीएफएस त्याहून ढोबळ, आपल्या हवामान खात्याचं भारत फोरकास्ट सिस्टीम २०२५ च्या मे महिन्यात सुरू झालं ते ६ किमीचं. आता ९ किमीच्या चौकटीत हामटाची खिंड, शेजारचं शिखर आणि खालचा नाला सगळं एकत्र कालवलं जातं आणि मॉडेलला तिथं एकच गुळगुळीत चढ दिसतो. मॉडेलच्या डोक्यातली खिंड खऱ्या खिंडीपेक्षा कितीतरी खाली असू शकते. म्हणून डोंगरात सरफेसचा वारा बघूच नये, उजवीकडं उंचीची पट्टी असते ती सरकवून ६०० वर न्या, तिथं ४२०० मीटर असं लिहिलेलं पण असतं. ते ६०० म्हणजे हवेचा दाब, त्या दाबाची पातळी साधारण तेवढ्या उंचीवर असते, आणि तुमचा पास नेमका तिथंच येतो. त्याच्या वरची ५०० ची पातळी पण बघा, साडेपाच-पावणेसहा हजार मीटरचा वारा कळतो. तिथं जोर वाढत असेल तर दुपारी जमीन तापून हवा खालवर व्हायला लागली की तो वरचा वारा झोतांनी खाली येतो.

माउंटन फोरकास्टवर शिखराची वेगवेगळी उंची निवडता येते, तुम्ही बहुतेक सगळ्यात वरची बघितली, जवळचं कुठलंतरी सहा हजारी शिखर असणार. ४००० किंवा ४५०० ची पट्टी बघा.

शेंगाचटणी
बघितलं. विंडीवर ६०० ला त्या दिवशी सकाळी सहाला २२, दुपारी दोनला ४१, किमीमध्ये. माउंटन फोरकास्टवर खालची पट्टी घेतली तर ३५ ते ४०. हे तर जुळायलंय की ओ!! मग हवामान खात्याचे ४०-५० पण त्याच्याशी जुळतात.

नकाशावाली
जुळल्यासारखे दिसतात पण ती वेगळी गोष्ट आहे. खात्याचा ४०-५० हा वादळी ढग आला तर त्याच्यासोबत येणारा सोसाटा, दिवसभर वाहणारा वारा नाही. आणि तो सगळ्या जिल्ह्यासाठी असतो. लाहौल-स्पिती केवढा आहे माहितीये? १३८०० चौरस किमीच्या वर. आपला सोलापूर जिल्हा १४९०० च्या आसपास. सोलापूरला येलो लागतो तेव्हा करमाळ्यात पत्रे उडतात आणि अक्कलकोटात पान हलत नाही, हे आपण दर मे महिन्यात बघतो. वर आपला जिल्हा सगळा सपाट, तिकडं एकाच जिल्ह्यात तीन हजार मीटरच्या खालची शेतं आहेत आणि सहा हजारांच्या वरची शिखरं. रंग एकच.

रंगाचा अर्थ पण लक्षात घ्या. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. शक्यता किती आणि त्रास किती होईल हे दोन्ही धरून तो ठरतो, आणि त्रास म्हणजे कुणाला, तर रस्ते, वीज, सफरचंदाच्या बागा, गावातले लोक. ४२०० मीटरवर तंबूत बसलेला माणूस त्या हिशोबात फारसा नसतो. खालच्या माणसाचा पिवळा हा वरच्या माणसाला केशरी धरावा असं माझं मत आहे.

केळीबाग_कंदर
खात्याला नावं ठेवणारे ज्याचं काही उभं नाही ते. आमची दोन एकर केळी घडावर आलेली आणि मे मधला वळीव पंधरा मिनिटात आडवी करून जातो. त्यात पाऊस किती पडला त्याला काही किंमत नसते, वारं किती सुटलं तेच महत्त्वाचं. मेघदूत ॲपवर सोसाट्याचं वारं लिहून आलं की मी त्या दिवशी पाणी देत नाही, ओल्या मातीत झाड लवकर उपटतं, आणि घडांना बांधलेल्या पट्ट्या एकदा फिरून बघतो. चार वेळा वारं येत नाही. पाचव्यांदा येतं. चार वेळा फुकट फेरी मारल्याचं मला तरी कधी वाईट वाटलं नाही.

पवनचक्की_पाटण
मी मूळचा सोलापूर बाळ्याचा, नोकरीनं साताऱ्याकडं वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्यांवर होतो बरीच वर्षं, तर वाऱ्यावर थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

एक तर सरासरी आणि झोत यातला फरक. विंडीवर जो आकडा आहे तो सरासरी, झोतांचा वेगळा थर आहे तिथं, गस्ट नावाचा, तो लावून बघा. डोंगरात झोत सरासरीच्या दीडपट सहज, खिंडीत किंवा कड्याच्या आडून बाहेर पडताना दुप्पट. माणूस सरासरीनं पडत नाही झोतानं पडतो, कारण सरासरी वाऱ्याला तुम्ही अंग टेकवून चालत असता आणि मधेच तो थांबतो किंवा दुप्पट होतो आणि पाय जातो. तेव्हा दुपारी दोनचे ४१ म्हणजे ६० चे झोत धरून चाला.

दुसरं, वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ३० च्या वाऱ्यात गंमत वाटते, ६० मध्ये तंबू फाटतो, मधे काही हळूहळू वाढल्यासारखं वाटत नाही. ४० ते ५० म्हणजे मोठ्या फांद्या हलतात, छत्री धरता येत नाही. ५० ते ६० ला अख्खं झाड हलतं आणि समोरून वारा असला तर चालायला जड जातं. साठ पासष्टच्या पुढं चालणं म्हणजे झुंजच. आमच्याकडं साइटवर नियम होता, १२ मीटर पर सेकंदच्या वर टपावर चढायचं नाही, म्हणजे ४३ किमी, आणि आम्ही तर हुक लावून बांधलेले असायचो. चक्की स्वतः ९० ला बंद होते, पण ती लोखंडाची आहे.

आता एक गोष्ट तुमच्या बाजूची, ती पण सांगतो नाहीतर नुसतं घाबरवल्यासारखं होईल. ४२७० मीटरवर हवा पातळ, समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के. त्यामुळं तिथला ६० चा झोत अंगाला ढकलतो तो खालच्या ४८-५० च्या झोताएवढाच. पण ही सूट फक्त ढकलण्यात, थंडीत काडीची सूट नाही.

होटगीनाका
एवढा हिशोब करणाऱ्यानं हिमालयात जाऊ नये, सिंहगडावर पिठलं भाकरी खाऊन यावं. आम्ही कॉलेजला असताना हामटा केला तेव्हा विंडी पण नव्हतं आणि सहाशे चारशे पण नव्हतं, जो गाइड म्हणेल ते. तिथल्या पोरांना आभाळ बघून कळतं. पैसे भरलेत ना, मग जा. झोत बित काय नसतं.

सुभेदार_बार्शी
होटगीनाका साहेब, तुमचा गाइडवरचा विश्वास बरोबर आहे, त्या पोरांचे डोळे आपल्या सगळ्या ॲपपेक्षा चांगले. पण गाइडवर पण दबाव असतो हे विसरू नका. मागच्या कॅम्पवर दुसरी बॅच येऊन बसलेली असते, तंबू मोजके, शिधा मोजका, आणि तुमच्यासारखेच चार जण म्हणत असतात पैसे भरलेत. मग त्याला दिसत असतं तरी तो बोलत नाही.

मी फौजेत असताना लडाखला होतो. तिथं वाऱ्याचं घड्याळ असतं. रात्री थंड हवा उतारावरून खाली सरकते, पहाटे सगळं गप्प, ऊन चढलं की दरीतली हवा वर चढायला लागते आणि अकरा-बाराच्या पुढं खिंडीतून नुसतं नळकांड्यातून सोडल्यासारखं वारं. खिंड म्हणजे डोंगराच्या भिंतीतलं भोक, रुंद दरीतली हवा तेवढ्या फटीतून जाणार मग जोर वाढणारच. म्हणून आम्हाला एकच शिकवलेलं, खिंड सकाळीच मागं टाकायची. हे अगदी स्वच्छ हवेच्या दिवशीचं झालं. वरून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारी वादळी हवा, आला तर हे घड्याळ बंद पडतं आणि रात्री दोनला पण वारं सुटतं. भूमध्य समुद्राकडून येतात हे, हिवाळ्यात जास्त, पण मे-जूनमध्ये पण एखाद दुसरा येतोच.

आता जे झालेलं आहे ते सांगतो. २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडात सहस्त्रतालला कर्नाटकातली २२ जणांची तुकडी होती. जूनचा पहिला आठवडा, म्हणजे तुमचाच महिना. परत येताना वर बर्फाचं वादळ, ९ जण गेले. जून आहे म्हणून डोंगर काही सवलत देत नाही.

आणि नेपाळातलं २०१४ चं. हुदहुद चक्रीवादळ १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला लागलं, टीव्हीवर दिवसभर तेच. ते जमिनीवर विरलं म्हणून सगळे विसरले आणि दोन दिवसांनी त्याचंच उरलेलं बाष्प अन्नपूर्णाच्या बाजूला ५४१६ मीटरच्या थोरोंग ला वर बर्फ होऊन कोसळलं. चाळीसच्या वर माणसं गेली. वादळ येतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण चालत चालत पुढं गेलेल्या माणसापर्यंत ते पोचलंच नाही. तेव्हा तुमच्याकडं आज जी माहिती आहे ती जोब्राच्या पुढं असणार नाही हे धरूनच काय ते ठरवा.

होटगीनाका
साहेब मान्य, पण ते बर्फाचं वादळ होतं. इथं विषय वाऱ्याचा चाललाय. नुसत्या वाऱ्यानं कोण मरतंय.

नकाशावाली
नुसत्या वाऱ्यानं कमी, वारा आणि ओल यांनी जास्त. शून्य तापमान असेल आणि ४० चा वारा असेल तर उघड्या चेहऱ्याला ते उणे ७ सारखं लागतं. उणे १० ला ५० चा वारा असेल तर उणे २२. आणि हा हिशोब कोरड्या माणसाचा. जॅकेटच्या आत घामानं बनियन भिजलेलं असेल, वरून भुरभुर पाऊस असेल तर पाच अंशातसुद्धा माणूस बरळायला लागतो. जूनमध्ये पासवर नेमकं हेच हवामान असतं, पूर्ण बर्फही नाही पूर्ण पाऊसही नाही, चिकचिक ओलं आणि वारं. मनालीत २० अंश असले तर पासवर ५-६ अंश धरा, दर हजार मीटरला साडेसहा अंश कमी होतात. त्यातनं कापसाचं बनियन आणि जीन्स आपले लोक हमखास घालतात. शेंगाचटणी, तुमच्या मेहुण्याला आधी विचारा काय घालणार आहे.

शेंगाचटणी
विचारलं. जीन्स. 😅 आता सातरस्त्याला ट्रॅक पँट घ्यायला पाठवलंय.

चादरवाला
चादर पण दे त्याच्याकडं, सोलापुरी. वारं काय करतंय बघू.

जुळेसोलापूरकर
मी शेंगाचटणीच्याच ग्रुपमधल्या एकाची बायको आहे, म्हणून जरा स्पष्ट विचारते. वर गेल्यावर यांना हवामान कळणार कसं? आणि आम्हाला यांचं काही कळणार का? ते सॅटेलाइट फोन घ्या म्हणून कुणीतरी सुचवलंय.

सुभेदार_बार्शी
ताई, सॅटेलाइट फोनच्या भानगडीत पडू नका. थुराया, इरिडियम आपल्याकडं परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे, लोकांना त्यावरून पोलिसांनी ताब्यात घेतलेलं आहे. जोब्रानंतर मोबाइल जवळपास नाही, पुन्हा अटल टनेलच्या बाजूला आलं की येतो. तेव्हा मधले तीन-चार दिवस फोन लागला नाही म्हणून घाबरू नका, आणि अमुक तारखेला रात्री अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं ते आजच कागदावर लिहून घ्या. ट्रेकवाल्याचा मनालीतल्या ऑफिसचा नंबर, गाइडचं नाव, कॅम्पची नावं, आणि कुल्लू जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर. १०७७ हा जिल्ह्याचा असतो पण सोलापुरातनं लावला तर सोलापूरचाच लागेल, म्हणून तिकडचा एसटीडी कोड लावून किंवा पूर्ण नंबर आधी शोधून ठेवा.

जुळेसोलापूरकर
हे कुणी सांगितलंच नव्हतं. धन्यवाद काका.

पवनचक्की_पाटण
वर हवामान कसं कळणार त्याचं मी सांगतो. कुणाकडं उंची दाखवणारं घड्याळ आहे का, दाबावर चालणारं? कॅम्पवर पोचलात की त्याची उंची नीट लावा आणि झोपा. सकाळी तुम्ही हललेला नाहीत आणि घड्याळ ३०-४० मीटर जास्त उंची दाखवतंय तर त्याचा अर्थ दाब पडलाय, हवा बिघडतीये. थोडाफार फरक रोजचाच असतो, पण एवढा आला आणि वाढतच राहिला तर गाइडला दाखवा.

बाकी डोळ्यानं. शिखरावरून बर्फाचा भुगा शेपटीसारखा उडताना दिसला तर वर जोरदार वारं आहे, मग तुमच्या कॅम्पवर कितीही शांत असू दे. भिंगाच्या आकाराचे गुळगुळीत ढग शिखराशेजारी एका जागी थांबलेले दिसले तर तेच. वारं जोरात असतं आणि ढग मात्र जागचा हलत नाही, फसवं दिसतं अगदी. आणि ढगांची दिशा बघा, खालचे ढग एकीकडं आणि वरचे दुसरीकडं चाललेत असं दिसलं की सावध.

चादरवाला
ह्यो माणूस भारी बोलतोय.

एक सिरियस प्रश्न. आपल्या सोलापुरात पण ते गोल रडार बसवलंय ना, ढगात फवारणीचे प्रयोग झाले तेव्हा? तिकडं डोंगरात नाहीत का रडार? रडार असल्यावर अंदाज कशाला, सरळ दिसेलच की.

नकाशावाली
आहे ना. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेनं बसवलेलं, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यातले कृत्रिम पावसाचे प्रयोग सोलापुरातूनच झाले. पण इथं चारी बाजूंनी सपाट, रडारची किरणं लांबपर्यंत बिनअडथळा जातात. हिमाचलमध्ये कुफ्री, जोत, मुरारी देवी अशा उंच जागा शोधून रडार बसवलेत, उत्तराखंडात मुक्तेश्वर आणि सुरकंडा देवीला. तरी डोंगराच्या पलीकडची दरी रडारला दिसत नाही, किरण कड्यावर आपटतो. आणि रडारला दिसतात पावसाचे थेंब, गारा, बर्फ. निरभ्र आकाशातला कोरडा वारा त्यात जवळजवळ दिसतच नाही. खात्याचा तीन तासांचा ताजा इशारा असतो, नाउकास्ट म्हणतात, तो मुख्यतः रडार आणि उपग्रहावर काढतात, मनाली सोडेपर्यंत मौसम ॲपवर तो बघत राहा. विजांसाठी दामिनी ॲप. आणि वीज कडाडायला लागली तर ट्रेकिंगच्या काठ्या बाजूला ठेवून एकमेकांपासून लांब लांब पसरून उकिडवं बसायचं, खिंडीत तर थांबायचंच नाही.

बाकी मुख्य मुद्दा राहिलाच. सातव्या दिवशीचा वाऱ्याचा आकडा, ४१ असो नाहीतर २०, त्याला फार चिकटून बसू नका. विक्षोभ सहा-बारा तास लवकर किंवा उशिरा आला की दुपारचं वादळ सकाळी येतं. आज त्यातनं एवढंच घ्या की त्या दोन-तीन दिवसांत काहीतरी येतंय. मनालीतनं निघायच्या आदल्या रात्री परत बघा, युरोपियन मॉडेलचं मुख्य गणित आपल्या पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदींवर सुरू होतं आणि बाहेर यायला पाच-सात तास लागतात, तेव्हा मध्यरात्रीच्या सुमारास ताजं मिळतं. सलग दोन-तीन वेळचं बघून आकडा स्थिर राहतोय का उड्या मारतोय ते बघा. उड्या मारत असेल तर मॉडेललाच अजून कळलेलं नाही.

होटगीनाका
बरं मग करायचं काय ते तर कुणी बोलेना. जा का नको?

सुभेदार_बार्शी
जा. पण एक दिवस खिशात ठेवून जा. ठरलेल्या दिवशी पास नाही झाला तर बालू का घेऱ्याला एक रात्र जास्त थांबता आलं पाहिजे, तेवढा शिधा आणि तंबू पाहिजे, आणि परतीच्या गाडीची घाई नको. विक्षोभ बहुतेक एक-दोन दिवसांत पुढं सरकतो. ज्यांच्याकडं जास्तीचा दिवस नसतो तेच वादळात खिंड चढायला निघतात, कारण त्यांच्याकडं दुसरा पर्यायच नसतो.

आणि मागं कधी फिरायचं ते आत्ताच ठरवा. पहाटे चारला तंबूच्या बाहेर उभं राहून सरळ चालता येईना, किंवा वरनं बर्फाचा भुगा उडताना दिसतोय, किंवा अकरा वाजले आणि पास अजून वर आहे, यातलं काहीही झालं तर मागं. हे सगळ्यांनी इथं सोलापुरात मान्य करून जायचं. वर गेल्यावर मतं घ्यायची नाहीत, वर दम लागलेला असतो, डोकं दुखत असतं, आणि सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाचं ऐकलं जातं.

शेंगाचटणी
अपडेट. काल रात्री सगळे जण पार्कला चहाला जमलो, हा धागा सगळ्यांना वाचायला लावला. ट्रेकवाल्याला परत फोन केला, ह्या वेळी आकडे घेऊन. सहाशेच्या पातळीला दुपारी ४१ आणि झोत ६० म्हटल्यावर त्याचा सूरच बदलला, म्हणाला सर आप सुबह तीन बजे निकलना, और एक दिन रिझर्व्ह रखना है तो चंद्रताल काटना पडेगा. म्हणजे हे त्याला आधीपासून माहीत होतं!

तर चंद्रताल रद्द. मेहुणा फुगून बसलाय कारण तो फक्त चंद्रतालच्या रीलसाठी येत होता, त्याला म्हटलं तिथं पण ४२०० वर उघड्यावर तंबू आहेत, तिकडं वारं काय तुझ्यासाठी थांबणार आहे. पासला अकराची वेळ ठरली, मागं फिरायचं कुणी ठरवायचं ते पण ठरलं. आमच्यातली एक मॅडम ऑडिटला आहे, तिला नाही म्हणायची सवय आहे, तिच्याकडं दिलं.

आता दोन प्रश्न. तंबू ट्रेकवाल्याचेच आहेत, त्यात आम्ही काय बघायचं? आणि परतीचं तिकीट एक दिवस पुढं ढकलायचंय, कर्नाटकला वेटिंग शंभरच्या पुढं आहे.

पवनचक्की_पाटण
तंबू: दोऱ्या पूर्ण ताणून बांधलेल्या पाहिजेत, नुसत्या लोंबकळत असतात बऱ्याचदा. मोकळ्या मातीत खुंटी टिकत नाही, दोरीला मोठा दगड बांधा आणि त्या दगडावर आणखी एक दगड. अरुंद बाजू वाऱ्याकडं, दार वाऱ्याच्या विरुद्ध. रात्री बूट बाहेर ठेवू नका, उडत नाहीत पण ओले होतात. टॉयलेटचा तंबू सगळ्यात आधी उडतो एवढं ध्यानात ठेवा.

केळीबाग_कंदर
खुंटी ठोकताना वाऱ्याच्या विरुद्ध तिरकी ठोका, सरळ उभी नको. शेडनेटचं अख्खं पोर आम्ही असंच बांधतो.

शेंगाचटणी
शेडनेटचं पोर? 😂

केळीबाग_कंदर
खांब हो. मोबाइल स्वतःच बदलतोय शब्द.

चादरवाला
तिकिटाचं मी सांगतो, ती माझी लाइन आहे. ते वेटिंगवालं तिकीट घेऊ नको, रिफंडमध्ये पैसे कापतील फुकट. गाडीच्या आदल्या दिवशी तत्काळ मार, एसीचं सकाळी दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला. पण त्या दिवशी तुम्ही कुठं असणार? छत्रूला असाल तर नेटवर्क नाही, म्हणजे तत्काळ पण नाही. तेव्हा हे काम इथं सोलापुरात कुणाकडंतरी देऊन जा, आणि त्याच्या रेल्वेच्या खात्याला आधार जोडलेलं पाहिजे, आता त्याच्याशिवाय तत्काळ निघत नाही. तुझ्या खात्यावरनं काढलं तर ओटीपी तुझ्या फोनवर जाणार आणि तू डोंगरात, म्हणून ज्याच्याकडं काम देशील त्याच्याच खात्यावरनं काढ.

जुळेसोलापूरकर
मी काढते तिकिटं माझ्या खात्यावरनं. सगळ्यांची नावं आणि वयं आज रात्रीपर्यंत पाठवा. मेहुण्याचं पण.